सील तोडलेला माल

"एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही." हे वाक्य न छापलेलं बिलबुक पुण्यात मिळतं का, ह्याचा एकदा शोध घ्यायला हवा. पण गंमत अशी, की बिलावर काहीही छापलेलं असलं तरी मिक्सर चालला नाही तर दुकानदार कुरकुर करत का होईना, बदलून देतो. शर्टाची बाही उसवलेली निघाली तरी देतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र, आणि त्यातही कॉम्प्युटर गेमच्या बाबतीत, कित्येक वर्षं जवळजवळ जगभर एकच नियम होता. खोकं उघडलंत? मग परत नाही. चालत नाही म्हणता? बरोबर आहे, पण ते तुम्हाला खोकं उघडल्यावर कळलं ना? मग परत नाही.

आपण बहुतेक सगळे ह्याच धंद्यात पोट भरतो, त्यामुळे ह्यातला विनोद आपल्याला जरा जास्तच कळायला हवा. आपण जे बनवतो ते न चालणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. तरीही त्याचे पैसे परत मिळणं ही मात्र अपवादात्मक गोष्ट होती. हे असं कसं झालं, आणि ते मोडलं कोणी, हा ह्या विकांताचा विषय. मोडलं ऑस्ट्रेलियातल्या सरकारी बाबूंनी, हे आधीच सांगून टाकतो. सस्पेन्स ठेवण्यात मला रस नाही.

सुरुवात कार्ट्रिजपासून करू. अटारी २६०० हे यंत्र १९७७ साली आलं. त्याचा गेम म्हणजे प्लास्टिकच्या डबीतली एक रॉम चिप. ह्या पद्धतीत दोन गोष्टी आपोआप साधल्या जात. एक, सगळी यंत्रं सारखी, त्यामुळे कंपनीच्या टेबलावर चाललेला गेम तुमच्या दिवाणखान्यातही चालणार. दोन, घरी बसून कार्ट्रिजची नक्कल करणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. त्यामुळे ग्राहकाने परत आणलेली वस्तू ही खरोखरच परत आलेली वस्तू असे. त्याच्याकडे मागे काही उरत नसे.

घरगुती कॉम्प्युटर आणि फ्लॉपीने ह्या दोन्ही गोष्टी घालवल्या. फ्लॉपीची नक्कल करायला काही मिनिटं आणि एक कोरी फ्लॉपी पुरे. शुक्रवारी गेम विकत घ्या, शनिवारी कॉपी करा, सोमवारी "चालत नाही हो" म्हणून परत द्या. दुकानदार बिचारा काय तपासणार? तेव्हा दुकानांनी सोपा तोडगा काढला: सील तोडलं की पैसे परत नाहीत, फार तर त्याच गेमचं दुसरं खोकं देऊ. म्हणजे फ्लॉपीच खराब असेल तर तुमचं काम झालं. गेम तुमच्या मशीनवर चालत नसेल तर न चालणारा दुसरा गेम मिळाला.

हा नियम दुष्टपणातून आला असं मला वाटत नाही. नक्कल करणाऱ्यांची भीती खरी होती. बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उद्देशून आपलं ते प्रसिद्ध रागावलेलं पत्र १९७६ सालीच लिहिलं होतं, आमचं बेसिक तुम्ही फुकट वापरताय म्हणून. आणि ही भीती नेमकी कशाची होती हे अमेरिकेच्या एका कायद्यात फार स्वच्छ दिसतं. १९९० साली तिथे दुरुस्ती झाली आणि कॉम्प्युटर सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी आली. पण त्यातून व्हिडिओ गेमच्या यंत्रांचे गेम वगळले. ते खुशाल भाड्याने द्या. कारण कार्ट्रिज परत येतं आणि फ्लॉपी परत येऊनही मागे राहते. बास, एवढाच फरक. नियमाचं सगळं तर्कशास्त्र नक्कल ह्या एका शब्दावर उभं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वकिलांची एन्ट्री. दुकानाचा नियम हा झाला व्यवहार; त्याच्यामागे कायद्याचं बळ आलं ते परवान्यातून. तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेतच नाही, वापरायचा परवाना घेता, आणि परवान्याच्या अटी खोक्याच्या आत. म्हणजे अटी वाचायच्या तर सील तोडायचं, आणि सील तोडलं की अटी मान्य! वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या कोर्टांचं ह्यावर एकमत नव्हतं. मग १९९६ साली प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग हा खटला आला. प्रोसीडी कंपनीने तीन हजारांवर टेलिफोन डिरेक्टऱ्या एकत्र करून सीडीवर विकल्या होत्या. झायडेनबर्ग नावाच्या विद्यार्थ्याने ती सीडी घेऊन त्यातली माहिती महाजालावर स्वस्तात विकायला काढली. आत दिलेल्या परवान्याने मी बांधलेला नाही, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीश ईस्टरब्रुक ह्यांनी निकाल दिला की बांधलेला आहेस. आज आपण "आय अॅग्री"वर डोळे मिटून जे क्लिक करतो, त्यामागच्या कायद्याचा हा एक मोठा खांब.

पण त्या निकालाचा आधार काय होता? तर अटी आत असल्या तरी चालतील, कारण खोक्याबाहेर तशी सूचना आहे आणि आतल्या अटी पटल्या नाहीत तर ग्राहकाला माल परत देऊन पैसे घेता येतात. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. म्हणजे परवाना तुमच्यावर बंधनकारक का, तर तुम्ही परत देऊ शकत होतात म्हणून. आणि दुकानात परत द्यायला गेलात तर? सील तोडलंय, परत नाही. न्यायालयाने ज्या फांदीवर निकाल टांगला ती फांदी प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर रोज तोडली जात होती.

ह्यावर एक मजेदार प्रयोगही झाला. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात लिनक्सवाले मायक्रोसॉफ्टच्या फॉस्टर सिटीतल्या ऑफिसवर मोर्चा घेऊन गेले. परवान्यात लिहिलंय की अटी मान्य नसतील तर न वापरलेलं विंडोज परत करा. आम्हाला मान्य नाहीत, हे घ्या विंडोज, द्या पैसे. त्यांना उत्तर मिळालं, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीकडे जा. त्या कंपन्या काय म्हणत असतील हे सरकारी कार्यालयात "पलीकडच्या खिडकीवर जा" ऐकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत झाली परत न घेण्याची गोष्ट. आता न चालण्याची.

ज्यांनी रॉन पॅटनचं टेस्टिंगचं पुस्तक वाचलंय (किंवा परीक्षेसाठी निदान चाळलंय), त्यांना पहिल्याच प्रकरणातला डिस्नेचा 'लायन किंग' आठवेल. १९९४ च्या नाताळसाठी डिस्नेने 'द लायन किंग अॅनिमेटेड स्टोरीबुक' ही मुलांसाठीची सीडी आणली. सिनेमा त्याच वर्षी धो धो चालला होता, जाहिरात जंगी, सीडी भरपूर विकली गेली. नाताळच्या सकाळी मुलांनी भेटवस्तू फोडल्या, आईवडिलांनी सीडी घातली आणि कित्येक घरांत कॉम्प्युटर आडवा झाला. दुसऱ्या दिवसापासून डिस्नेच्या मदतकेंद्राचे फोन वाजायला लागले ते थांबेचनात. कारण आपल्या ओळखीचं: ज्यांनी बनवलं त्यांच्या मशीनवर चालत होतं. गेमने मायक्रोसॉफ्टची विनजी नावाची, विंडोजवर वेगाने चित्रं काढायची नवी लायब्ररी वापरली होती. आणि कॉम्पॅकच्या प्रेसारिओ ह्या लोकप्रिय मशीनवर जो व्हिडिओ ड्रायव्हर होता, तो विनजीबरोबर कोणी तपासलाच नव्हता.

आता ह्यात चूक कोणाची? डिस्ने म्हणणार, आमचा प्रोग्राम बरोबर. मायक्रोसॉफ्ट म्हणणार, ड्रायव्हर बघा. कॉम्पॅक म्हणणार, आमच्या मशीनवर बाकी सगळं चालतंय. आणि दुकानदार म्हणणार... ते तुम्हाला पाठ झालंय. चार जण, चौघंही आपापल्या जागी थोडेफार खरे, आणि मधे सहा वर्षांचं रडणारं पोर. मायक्रोसॉफ्टला निदान ह्याची लाज वाटली. गेम बनवणाऱ्यांना विंडोजवर पुन्हा विश्वास वाटावा म्हणून १९९५ साली डायरेक्टएक्स आलं, त्यामागे ह्या फजितीचा मोठा वाटा होता असं ते बनवणाऱ्यांपैकीच लोकांनी नंतर सांगितलं आहे. म्हणजे अभियंत्यांनी आपल्या परीने उत्तर शोधलं: न चालण्याचं प्रमाण कमी करा. पैशांचा प्रश्न तसाच राहिला.

उलट न चालण्याचं एक नवीन कारण अभियंत्यांनीच घडवलं: नक्कलविरोधी कुलूप. ह्याचा प्रसाद मला स्वतःला मिळाला आहे. २००६ साली, पहिल्या नोकरीतल्या तिसऱ्या की चौथ्या पगारातून, मी आयुष्यातली पहिली ओरिजिनल गेमची सीडी घेतली. ९९९ रुपये. तोपर्यंत सगळं "मित्राकडून आणलेलं". खोक्यावर लिहिलेलं सगळं माझ्या मशीनमध्ये होतं, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळं. इन्स्टॉल झालं, आयकॉनवर क्लिक केलं आणि खिडकी आली: कृपया मूळ सीडी ड्राइव्हमध्ये घाला. मूळ सीडी ड्राइव्हमध्येच होती. काढली, पुसली, घातली. कृपया मूळ सीडी घाला. कुलपाला माझा सीडी राइटर संशयास्पद वाटत होता, आणि कंपनीच्या मदतकेंद्राचं उत्तर आलं की दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह घेऊन बघा.

दुकानात गेलो. काका शांतपणे म्हणाले, "सील फुटलंय."

"अहो, सील फोडल्याशिवाय चालत नाही हे कळणार कसं?"

"म्हणून तर फोडायच्या आधी विचार करायचा."

ह्यावर काय बोलणार! वर त्यांनी मायेने सल्ला दिला, की ह्याच गेमचा क्रॅक जालावर मिळतो, तो टाकून घे, सगळे तेच करतात. च्यायला, म्हणजे ज्याने पैसे दिले त्याने चोराचं औजार वापरायचं, तेव्हा त्याला त्याचाच माल वापरता येणार. रूममेटकडे ह्याच गेमची पन्नास रुपयांची सीडी होती. ती पहिल्या झटक्यात चालली.

हा माझ्या एकट्याचा किस्सा असता तर लिहिला नसता. पण पुढे हे अधिकृतपणेच घडलं. सेफडिस्क नावाचं कुलूप जुन्या शेकडो गेमवर होतं आणि ते विंडोजच्या पोटातला एक ड्रायव्हर वापरत असे. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, त्यात मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर ठेवला नाही, कारण तो सुरक्षेला भोक होता. जुन्या विंडोजवरही त्याच वर्षी एका अपडेटने तो बंद पाडला. मायक्रोसॉफ्टचं बरोबरच होतं. पण कपाटातल्या सगळ्या प्रामाणिक सीड्या एका रात्रीत मुक्या झाल्या, आणि कुलूप तोडलेल्या नकला बोलत राहिल्या.

असो. आता मुख्य गोष्टीकडे.

सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीने स्टीम सुरू केलं. २००४ मध्ये त्यांचा 'हाफ-लाइफ २' आला तो दुकानातून डबा आणला तरी स्टीमवर खातं काढल्याशिवाय चालेना. लोकांनी खूप शिव्या घातल्या आणि मग सवय झाली. पुढच्या दहा वर्षांत पीसी गेमची बाजारपेठ म्हणजे स्टीम असंच समीकरण झालं.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट काढा. परत न घेण्यामागचं कारण नक्कल. स्टीमवर गेम तुमच्या खात्याला बांधलेला. तुम्ही तो किती मिनिटं चालवलात हे स्टीमला माहीत. पैसे परत दिले तर गेम खात्यातून काढून घेणं म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद बदलणं. शुक्रवारी घेऊन सोमवारी परत देणाऱ्या लबाडाला ओळखायची जी सोय कुठल्याही काउंटरवरच्या काकांकडे नव्हती ती इथे फुकटात होती. म्हणजे नियमाचं कारण समूळ नाहीसं झालं होतं. पण नियम? तो जसाच्या तसा करारात: भरलेले पैसे पूर्णतः किंवा अंशतः परत मिळणार नाहीत. क्वचित कोणाला कृपा म्हणून मिळत, पण ती कृपाच. ईएने २०१३ मध्ये आपल्या ओरिजिनवर, आपल्याच गेमपुरती, मर्यादित परतीची सोय केली होती, म्हणजे हे अशक्य नव्हतं हे उघड होतं.

ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०११ पासून नवा ग्राहक कायदा लागू झाला होता. त्याचं मर्म असं, की विकलेली वस्तू ठीक दर्जाची असेल ही हमी कायदाच देतो. दोष मोठा असेल तर ग्राहक पैसे परत मागू शकतो. आणि ही हमी कुठल्याही कराराने काढून घेता येत नाही, मग ग्राहकाने शंभर वेळा "मान्य" म्हटलेलं असो. शिवाय 'वस्तू' ह्या शब्दाच्या व्याख्येत त्यांनी एक छोटी भर घालून ठेवली होती: कॉम्प्युटर सॉफ्टवेअर. कोणा अनामिक मसुदाकाराला ह्याबद्दल माझ्यातर्फे एक कटिंग.

ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, व्हॉल्व्हला फेडरल कोर्टात खेचलं. पुराव्यात न चालणाऱ्या गेमचे पैसे मागणारे ग्राहक आणि त्यांना आलेली नकाराची उत्तरं होती. २०११ ते २०१४ ह्या काळात ऑस्ट्रेलियातून स्टीमकडे 'रिफंड' हा शब्द असलेल्या सुमारे २१ हजार तक्रारी गेल्या होत्या. त्यातल्या काहींना पैसे मिळालेही होते, तेही सांगितलं पाहिजे.

व्हॉल्व्हचा बचाव वाचण्यासारखा आहे, कारण आपल्या धंद्याच्या सगळ्या पळवाटा त्यात एका जागी सापडतात. पहिली: करार वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने चालतो, ऑस्ट्रेलियाच्या नाही. दुसरी: आम्ही ऑस्ट्रेलियात धंदाच करत नाही, आमचं तिथे ऑफिस नाही. तिसरी: आम्ही वस्तू देतच नाही, आम्ही सेवेची वर्गणी घेतो.

न्यायमूर्ती जेम्स एडेलमन ह्यांनी मार्च २०१६ मध्ये निकाल दिला. ऑफिस नाही म्हणता, पण ऑस्ट्रेलियात तुमची सुमारे २२ लाख खाती आहेत, तिथे तुमच्या मालकीचे सर्व्हर आहेत, तिथल्या कंपन्यांना तुम्ही दर महिन्याला पैसे देता. ह्याला धंदा नाही तर काय म्हणायचं? परदेशी कायद्याचं कलम करारात घालून इथली हमी टाळता येत नाही. आणि वस्तूचा मुद्दा? इथे एडेलमन चक्क आपल्यासारखे विचार करतात. गेमबरोबर चित्रं असतात, संगीत असतं, तो निव्वळ डेटा. त्याला सॉफ्टवेअर म्हणता येणार नाही. पण गाभ्यात मशीनला हुकूम देणारी एक्झिक्युटेबल फाइल आहे, ती ग्राहकाच्या मशीनवर उतरते, आणि एकदा उतरली की इंटरनेट नसतानाही चालू शकते. म्हणजे सॉफ्टवेअर आलं, म्हणजे वस्तू आली. वस्तूचा परवाना दिला तरी तो पुरवठाच. एसीसीसीचे सगळेच आरोप टिकले नाहीत, पण मुख्य तो टिकला: "पैसे परत मिळण्याचा तुम्हाला हक्क नाही" असं ग्राहकाला सांगणं ही दिशाभूल होती.

दंडाची सुनावणी तर त्याहून गमतीची. एसीसीसीने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. व्हॉल्व्हने सुचवलं, अडीच लाख पुरेत. डिसेंबर २०१६ मध्ये एडेलमननी मागितले तेवढे ३० लाख लावले, आणि कायदा पाळण्याची ह्या कंपनीची वृत्ती अतिशय कमी दर्जाची आहे असा शेरा दिला. ऑस्ट्रेलियात विकायला सुरुवात करून वर्षं झाली तरी तिथला कायदा काय सांगतो हे त्यांनी तिथल्या वकिलाला विचारलेलंच नव्हतं. २०१७ च्या डिसेंबरात अपील फेटाळलं गेलं, एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने (ते त्यांचं सर्वोच्च न्यायालय) पुढचं ऐकायला नकार दिला. विषय संपला.

पण जगाला त्याआधीच फळ मिळालं होतं. खटला चालू असतानाच, २ जून २०१५ रोजी, स्टीमने जगभरासाठी नवा नियम जाहीर केला: खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कुठल्याही कारणासाठी पैसे परत. खटल्यामुळे केलं असं व्हॉल्व्ह कधी म्हणाली नाही. तारखा बघून आपण काय ते समजायचं. :)

आणि परीक्षा लगेचच आली. बरोबर एकवीस दिवसांनी, २३ जूनला, 'बॅटमॅन: आर्कम नाइट' आला. पीसीवर त्याची अवस्था इतकी वाईट होती, की पैसे परत मागणाऱ्यांची रीघ लागली आणि दोन दिवसांत वॉर्नर ब्रदर्सने पीसीवरची विक्रीच थांबवली. ती परत सुरू झाली ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि तेव्हाही समाधान झालं नाही म्हणून वर्षअखेरपर्यंत कितीही तास खेळलेला असला तरी पूर्ण पैसे परत द्यावे लागले. एक महिना आधी हाच गेम आला असता तर? लोकांनी फोरमवर शिव्या दिल्या असत्या, कंपनीने दिलगिरी आणि पॅच दिला असता, आणि पैसे खिशात राहिले असते. मला वाटतं ह्या नियमाने टेस्टिंगवाल्यांच्या शब्दाला जेवढं वजन आणलं तेवढं कुठल्याही प्रोसेस ट्रेनिंगने आणलं नसेल. २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' च्या वेळी सोनीने तर गेम आल्यावर आठच दिवसांत तो आपल्या दुकानातून काढला, पैसे परत दिले, आणि सहा महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, परत ठेवला. ह्याच सोनीच्या युरोपीय कंपनीला त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ३५ लाख डॉलरचा दंड झाला होता. कारण, डाउनलोड केलेल्या गेमचे पैसे परत मिळत नाहीत असं ग्राहकांना सांगणं.

ह्याची दुसरी बाजू आहे आणि ती मला खरंच टोचते. दोन तासांची मर्यादा ही शेवटी एक कच्ची फूटपट्टी. 'समर ऑफ ५८' हा एका माणसाने बनवलेला भुताचा गेम २०२१ मध्ये आला. तो दोन तासांच्या आत संपतो. कित्येकांनी पूर्ण खेळून, काहींनी तर चांगला अभिप्राय लिहूनसुद्धा, पैसे परत घेतले. बनवणाऱ्याने वैतागून गेम बनवणंच सोडत असल्याचं जाहीर केलं. शुक्रवारी घेऊन सोमवारी परत देणारा फ्लॉपीवाला मेलेला नाही. फक्त आता तो मोठ्या कंपनीऐवजी लहान माणसाला सापडतो.

भारतात काय? इथे एक फार सुंदर विसंगती आहे. सॉफ्टवेअर ही वस्तू आहे का, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे ऑस्ट्रेलियाच्या बारा वर्षं आधी आला होता: टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार, नोव्हेंबर २००४, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. ओरॅकल, लोटस असली तयार पॅकेजेस विकण्यावर आंध्र सरकारला विक्रीकर हवा होता. टीसीएस म्हणत होती, सॉफ्टवेअर अमूर्त आहे, ती वस्तू नव्हे. घटनापीठ म्हणालं, सीडीवर आलेलं तयार सॉफ्टवेअर ही वस्तूच, कर भरा. म्हणजे सरकारला कर घ्यायचा तेव्हा ती वस्तू. आणि तुम्ही-आम्ही काउंटरवर उभे राहिलो की परवाना!

खरं तर आपल्याकडचा कायदाही तितकासा मुका नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत 'डिजिटल प्रॉडक्ट' हे शब्द आहेत. आणि सदोष वस्तू परत घ्यायला, तिचे पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस. बिलबुकवरचं ते छापील वाक्य ह्या कलमासमोर ठेवून वाचून बघा एकदा. पण हजार रुपयांच्या गेमसाठी ग्राहक आयोगात खेटे घालणार कोण? एसीसीसीचं मोल इथे कळतं. कायदा चांगला असणं वेगळं, आणि तो घेऊन एका ग्राहकाच्या वतीने बलाढ्य कंपनीशी चार वर्षं भांडणारं कोणीतरी असणं वेगळं. आपल्याकडे २०१९ च्याच कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आहे. एखाद्या गेमसाठी ते कोर्टात उभं राहिलेलं बघायला मला आवडेल.

आता ह्या गोष्टीत एक नवीन भानगड आली आहे. इतके दिवस गेम चालत नाही म्हणजे पहिल्या दिवशी चालत नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. तो छान चालला, नऊ वर्षं चालला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि नंतर लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला. नुकताच घेतलेल्यांना पैसे परत देऊ केले, बाकीच्यांना नाही. कॅलिफोर्नियात दोन खेळाडूंनी दावा लावला, तर कंपनीचं उत्तर तेच १९९६ सालचं: तुम्ही गेम घेतला नव्हता, परवाना घेतला होता. त्याच राज्याने २०२४ मध्ये कायदा करून ठेवला आहे, की परवाना विकत असाल तर 'खरेदी करा' ह्या बटणाशेजारी तसं स्पष्ट सांगा. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ह्या मोहिमेच्या मागणीपत्राने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. गंमत म्हणजे त्यांना पैसे परत नकोच आहेत. ते म्हणतात, दुकान बंद करा, पण जाताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा.

'द क्रू' मधला एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरशिवाय सुरू होत नाही. कित्येकांच्या कपाटात त्याची डिस्क अजून आहे. सीलसकटसुद्धा असेल कोणाकडे.